गाडी आधी आली की थोरली?

पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी आपटा सोडते आणि पुढचं स्टेशन लागतं ते जिते. मग हमरापूर, मग पेण. गावाजवळून मुंबई-गोवा महामार्ग जातो, भोवताली भातशेती आहे, आणि पलीकडे हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे हा गणपतीच्या कारखान्यांचा पट्टा. अशा गावातल्या एखाद्या ओटीवर बसून सत्तरीतल्या नवरा-बायकोला विचारा, “तुमचं लग्न कोणत्या साली झालं?” साल मिळणार नाही. जे मिळेल ते साधारण असं असेल:

“आपल्याकडे गाडी नव्हती तेव्हा.”

“गाडी नव्हती, पण भराव पडत होता. तुमचे दादा जात होते ना मुकादमाकडे कामाला.”

“दादा गेला तो थोरली झाल्यावर.”

“झाल्यावर कसा? बारशाला पाळणा त्यांनीच आणला, त्याच पगारातला.”

“हां, पाळणा. म्हणजे जिल्ह्याचं नाव बदललं त्याच्या आदल्या वर्षीचं लग्न.”

“तेच तर सांगते मघापासून.”

ती मघापासून ते सांगत नव्हती. पण उत्तर बरोबर आलं. कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला १ जानेवारी १९८१ला, तेव्हा लग्न १९८०चं. आपट्याच्या पुढे रोह्यापर्यंत गाडी धावू लागली १९८६ साली. तोवर थोरली शाळेत जायच्या वयाची झाली होती.

संवाद मी रचलेला आहे, पण तो तुम्ही तुमच्या घरात ऐकलेला असणार. आणि ऐकताना वैतागलाही असाल, कारण साध्या प्रश्नाला हे दोघं दहा मिनिटं घेतात, एकमेकांना चारदा खोडतात आणि मधेच पाळण्यावर घसरतात. त्या दहा मिनिटांत घडलं काय ते मात्र थक्क करणारं आहे. १९८० हे साल नवऱ्याला ठाऊक नव्हतं. बायकोलाही नव्हतं. दोघांना वेगवेगळं बसवून कितीही विचारलं असतं तरी ते निघालं नसतं. मग ते आलं कुठून?

या प्रश्नापाशी यायला शास्त्राला शंभर वर्षं लागली. स्मरणशक्तीचा प्रयोगशाळेतला अभ्यास सुरू झाला तो जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउसपासून. १८८५ साली त्याने आपलं पुस्तक छापलं. त्यासाठी त्याने हजारो निरर्थक अक्षरजोड्या स्वतःच पाठ केल्या आणि त्या किती वेगाने विसरतो हे स्वतःच मोजलं. खोलीत एक माणूस, एक यादी, एक घड्याळ. पुढची कित्येक दशकं आठवण म्हणजे एकट्या माणसाच्या डोक्यातला ऐवज, असंच धरलं गेलं. फ्रान्सच्या मॉरिस हाल्बवाक्सने १९२५ साली वेगळं मांडलं होतं: माणूस आठवतो तो घराच्या, गावाच्या, गोतावळ्याच्या आधाराने; तो आधार काढला तर आठवण उभीच राहत नाही. पण हाल्बवाक्स समाजशास्त्रज्ञ. प्रयोग करणाऱ्यांनी त्याच्याकडे बराच काळ लक्ष दिलं नाही.

पुढे प्रयोग करणाऱ्यांनी माणसांना एकत्र बसवून पाहिलं, तर निकाल उलटाच लागला. १९९७ साली वेल्डन आणि बेलिंजर या संशोधकांनी दाखवलं की तिघांना एकत्र बसवून शब्दांची यादी आठवायला लावली तर ते तिघं मिळून जेवढं आठवतात, त्यापेक्षा तिघांनी वेगवेगळं बसून आठवलेल्याची बेरीज जास्त भरते. पुनरुक्ती वजा करूनसुद्धा. एकत्र बसल्याने आठवण वाढत नाही, घटते! कारण असं दिलं जातं की प्रत्येकाची आठवायची वाट स्वतःची असते. तुम्ही फळांवरून भाज्यांवर जात असता, तेवढ्यात शेजारचा ‘हातोडा’ म्हणतो, आणि तुमचा धागा तुटतो. समितीच्या बैठकीत बसलेल्या कुणालाही हे पटायला प्रयोगाची गरज नाही.

म्हणजे आजी-आजोबा एकमेकांना मधेच तोडतात तेव्हा नुकसानच होत असणार. शास्त्र तसं म्हणत होतं. पण हे प्रयोग बहुतेक अनोळखी माणसांवर झालेले होते, आणि आठवायला दिलेल्या याद्यांशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. चाळीस वर्षं एका चुलीवर जेवलेल्या माणसांचं काय?

ऑस्ट्रेलियात सेलिया हॅरिस, जॉन सटन, अमांडा बार्निए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा वयस्क जोडपी घेतली. आधी प्रत्येकाला एकटं बसवून विचारलं, दोन आठवड्यांनी दोघांना एकत्र. कधी नुसती शब्दांची यादी, कधी त्यांच्या आयुष्यातल्या माणसांची-ठिकाणांची यादी, कधी मोकळ्या गप्पा. २०११ साली निष्कर्ष छापले गेले. काही जोडप्यांचं एकत्र बसून नुकसान झालं, अनोळखी माणसांसारखंच. पण काही जोडप्यांना एकत्र बसून जास्त आठवलं. फरक कशाने पडला? वय किंवा शिक्षण यांपेक्षा ती दोघं आठवतात कशी, याने. ज्यांच्याकडे मिळून आठवायची काही रीत होती, ती जोडपी जिंकली.

त्या अभ्यासातला एक प्रसंग मला फार आवडतो. एक जोडपं आपला मधुचंद्र आठवतंय, चाळीस वर्षांपूर्वीचा. दोन नाटकं पाहिली होती. नावं? बायकोला आठवत नाही. नवऱ्याला एवढंच आठवतं की एक संगीत नाटक होतं, की दोन्ही होती, नक्की नाही. मग बायको म्हणते, त्यात जॉन हॅन्सन होता. आणि नवऱ्याच्या तोंडून नाव बाहेर पडतं: ‘डेझर्ट साँग’. बायकोकडे नट होता, नाव नव्हतं. नवऱ्याकडे नाव होतं, पण ते नट सापडेपर्यंत बाहेर यायला तयार नव्हतं. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, तसं हे.

जित्याच्या ओटीवरचा पाळणा म्हणजे तीच दुसरी किल्ली. दादा कामाला कधी लागला याचा नवऱ्याचा अंदाज चुकला होता. बायकोने त्याला ‘चूक’ म्हटलं नाही, पाळणा आणून समोर ठेवला. पाळण्याने दादाचा पगार सरकवला, पगाराने भराव सरकवला, भरावाने लग्न. तारखा अशाच निघतात. एखादी गोष्ट कधी घडली हे माणसाच्या डोक्यात क्वचितच नोंदलेलं असतं. बहुधा ते त्या वेळी मागे-पुढे काय होतं यावरून तो दर वेळी नव्याने काढतो. म्हणून आपल्याकडचं कॅलेंडर असं असतं: जिल्ह्याचं नाव बदललं ते साल, गाडी आली ते साल, नागोठणं आणि जांभूळपाड्याला पूर आला ते १९८९, सव्वीस जुलैचा पाऊस पडला ते २००५, निसर्ग वादळाने घरांवरचे पत्रे उडवले ते २०२०. या खुंट्यांवर दोन माणसांची आयुष्यं टांगलेली असतात, आणि प्रत्येकाने थोड्या वेगळ्या खुंट्या वापरलेल्या असतात. दोघं मिळून आठवायला लागली की खुंट्या दुप्पट होतात.

हे सगळं ज्याने आधी नीट ओळखलं तो अमेरिकेचा डॅनिएल वेग्नर. १९८५ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक कल्पना मांडली. जवळची दोन माणसं आठवणींचं काम वाटून घेतात. ठरवून वाटत नाहीत, वाटलं जातं. वाढदिवस तिच्याकडे, विम्याचा हप्ता त्याच्याकडे. आणि प्रत्येकाच्या डोक्यात स्वतःच्या वाट्याखेरीज आणखी एक गोष्ट असते: दुसऱ्याकडे काय आहे याची सूची. सगळं मला ठाऊक असायला नको. कुणाला ठाऊक आहे एवढं ठाऊक असलं की भागतं. ‘हिला विचारा’ असं आजोबा म्हणतात ते विसरल्याचं लक्षण म्हणून आपण हसतो. वेग्नरच्या हिशेबाने ते आठवणच आहे.

पेणच्या खारपट्ट्यातल्या शेतकरी घरात ही वाटणी सहज दिसते. कोणत्या उधाणाला बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड गेली, उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, कोणी दुरुस्त केली, त्या वर्षी भात किती आलं, सोसायटीचं कर्ज कधी फिटलं, बांधावरून कोणाशी वाजलं, हे त्याच्याकडे. कोणाच्या हळदीला काय आहेर गेला आणि उलटून काय आला, कोणती सून कोणत्या महिन्यात बाळंत झाली, कोणत्या नणंदेने कोणत्या लग्नात तोंड फिरवलं, हे तिच्याकडे. गणपतीच्या कारखान्यात वाटणी आणखी बारीक. साचा कोणाकडून आणला, कच्च्या मूर्ती कोणत्या गावच्या व्यापाऱ्याने उचलल्या, उधारी कोणाकडे राहिली हे एकाकडे. कोणत्या रंगाला लोक फिरून आले आणि कोणत्या वर्षी पावसाने माल वाळलाच नाही हे दुसऱ्याकडे. नेहमी पुरुषाकडे हिशेब आणि बाईकडे नाती अशीच वाटणी असते असंही नाही. कारखान्याची उधारी बाईच्या डोक्यात असणं हे या भागात काही नवल नाही, आणि घरातल्या पोरांचे वाढदिवस बापाला पाठ असणारी घरंही असतात. वाटणी कशीही असो, ती असते.

१९९१ साली वेग्नरने यावर प्रयोग केला. किमान तीन महिने एकत्र फिरणारी एकूण ११८ तरुण माणसं घेतली. काहींना आपल्याच जोडीदाराबरोबर बसवलं, काहींना अनोळखी माणसाबरोबर. जोडीने माहिती लक्षात ठेवायची, एकमेकांशी न बोलता. खरी जोडपी अनोळखी जोड्यांच्या पुढे गेली, यात नवल नाही. तीन महिन्यांतच वाटणी सुरू झालेली होती. पण प्रयोगाचा दुसरा भाग ऐका. काही जोड्यांना संशोधकांनी वाटणी करून दिली: खाण्याचे विषय तू लक्षात ठेव, इतिहास तू. अनोळखी जोड्यांना याचा फायदा झाला. खरी जोडपी मात्र मागे पडली. आतली न बोललेली वाटणी बाहेरून आलेल्या वाटणीने मोडली.

तीन महिन्यांच्या वाटणीची ही गत, तर चाळीस वर्षांच्या वाटणीचं काय होईल? हे वाचल्यापासून मला मुंबईहून रविवारी गावी येणाऱ्या मुलांची थोडी भीती वाटते. मी त्यांच्यातलाच. “बाबा, उद्यापासून गोळ्यांचं तुम्ही बघायचं. आई, लाइटबिल तू.” हेतू चांगला, कोष्टक व्यवस्थित, फ्रिजवर चिकटवलेलं. आणि महिन्याभरात गोळ्याही चुकतात आणि बिलही.

दोघांची आठवण एकमेकांना पुरी पडते, म्हणजे ती निर्मळ असते असं समजू नका. १९७९ साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी विद्यापीठाच्या वसाहतीत राहणाऱ्या ३७ जोडप्यांना वीस कामांची यादी दिली. नाश्ता करणं, भांडी घासणं, पोरांकडे बघणं वगैरे. यातला किती वाटा तुमचा? नवऱ्याचा आकडा आणि बायकोचा आकडा यांची बेरीज शंभर टक्क्यांवर जायला नको. बहुतेक कामांत गेली. प्रत्येकाला आपलाच वाटा मोठा आठवत होता. यात स्वतःला चांगलं म्हणवून घ्यायची हौस असेल असं वाटतं ना? पण यादीत भांडण काढण्याचंही काम होतं, आणि भांडणं आपणच जास्त काढतो असंही त्यांना वाटत होतं! कारण साधं आहे. स्वतः केलेलं स्वतःला सहज आठवतं. दुसऱ्याने केलेलं आपण नसतानाही चाललेलं असतं. पहाटे चारला कोण उठलं हे झोपलेल्याला कसं आठवणार?

एक जुना समज जाता जाता निकालात काढतो. बरीच वर्षं एकत्र राहिलेल्या नवरा-बायकोचे चेहरे सारखे होत जातात, असं १९८७च्या एका अमेरिकन अभ्यासाने म्हटलं आणि ते जगभर पसरलं. २०२० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ५१७ जोडप्यांचे लग्नाच्या सुमाराचे आणि नंतरचे फोटो तपासले. चेहरे सारखे असतात, पण ते लग्नाआधीपासूनच. पुढे आणखी सारखे होत नाहीत. तेव्हा चेहरे सोडा. बदलतं ते आत.

आता या दोन डोक्यांच्या आठवणीचा लेखी पुरावा पाहायचा तर कुठे? पेण तालुक्यातलं गागोदं साऱ्या देशाला ठाऊक आहे ते विनोबांमुळे, पण विनोबा ब्रह्मचारी. आपल्या विषयाला त्यांचा उपयोग नाही. रोह्याकडे सरकलं तर मात्र एक मोठं नाव हाताला लागतं. चिंतामणराव देशमुख: जन्म १८९६, महाडजवळच्या नात्यात, घराणं रोह्याचं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री. पहिली पत्नी रोझिना १९४९ साली गेल्या. जानेवारी १९५३मध्ये त्यांनी दुर्गाबाईंशी लग्न केलं, त्या राजमहेंद्रीच्या, घटना समितीच्या सदस्य. ते सत्तावन्न वर्षांचे, त्या त्रेचाळीस. नोंदणी पद्धतीच्या त्या लग्नाला साक्षीदार म्हणून पंडित नेहरू. एक मराठी, एक तेलुगू, दोघं नियोजन आयोगात. चिंतामणरावांनी आपलं आत्मचरित्र इंग्रजीत लिहिलं, ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’. नावातच सगळं ‘माझं’. दुर्गाबाईंनी पुढे आपलं लिहिलं, त्याचं नाव ‘चिंतामण अँड आय’. पंतप्रधानांना सल्ला देणाऱ्या दोन माणसांच्याही आठवणी अशा दोन पुस्तकांत वाटल्या गेल्या.

पण याहून लांबचा, याहून खोल दाखला कोकणात आणखी खाली, मुरुडच्या कर्व्यांचा. धोंडो केशव कर्वे विधुर होते. गोदूबाई जोशी बालविधवा, लग्न झाल्यावर काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. ११ मार्च १८९३ला पुण्यात त्यांचा पुनर्विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, आणि लोकांच्या तोंडी राहिल्या ‘बाया’. मुरुडने वाळीत टाकलं. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला, पुढे हिंगण्याला गेला. बाया १९५० साली वारल्या तोवर संसार सत्तावन्न वर्षांचा झाला होता.

कर्व्यांनी, म्हणजे अण्णांनी, ‘आत्मवृत्त’ लिहिलं १९१५ साली. बायांनी ‘माझे पुराण’ सांगितलं ते छापलं गेलं १९४४ साली. सत्तावन्न वर्षांच्या एकाच संसाराच्या दोन बाजू, मधे जवळजवळ तीस वर्षांचं अंतर. दोन्ही लागोपाठ वाचा. अण्णांच्या लिखाणात पुण्याहून हिंगण्याला चिखल तुडवत रोज पायी जाणं आहे, वर्गणीचे आकडे आहेत, कोणत्या सभेत काय ठरलं ते आहे. बायांच्या लिखाणात त्याच काळात घरात पैसे नसणं आहे. अण्णांनी आपली पाच हजारांची विमा पॉलिसी आश्रमाला देऊन टाकली. अण्णांच्या हिशेबात ती संस्थेसाठी उचललेली एक पायरी. बायांच्या हिशेबात ती पोरांच्या तोंडचा घास होती, आणि त्यांनी त्यावरून वाद घातला. आणखी एक टोचणी आहे. आश्रम विधवांचा, पण पुनर्विवाह केलेली बाई तिथे वावरली तर देणगीदार आणि मुलींचे पालक बिथरतील, म्हणून संस्थापकाच्या बायकोलाच तिथे मोकळी जागा नव्हती. हे अण्णांच्या बाजूने वाचलं तर व्यवहारी शहाणपण वाटतं. बायांच्या बाजूने वाचलं तर पोटात कालवतं.

कोण खरं? दोघंही खोटं बोलत नाहीत. गावाने टाकलं हे दोघांना आठवतं, आणि त्या वर्षांत काय खाल्लं हे एकीलाच. आणि इथे त्यांच्या मुलाने केलेली गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. दिनकर धोंडो कर्वे यांनी महाराष्ट्रातल्या काही कुटुंबांची आत्मचरित्रं निवडून इंग्रजीत आणली, ‘द न्यू ब्राह्मन्स’ या नावाने १९६३ साली, अण्णा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी. त्यात त्यांनी वडिलांचंही घातलं आणि आईचंही. दोन्हींचं मिसळून एक गुळगुळीत कुटुंबचरित्र केलं नाही. एकाच घराच्या दोन साक्षी एकाच पुस्तकात, एकमेकींना न खोडता.

मराठीत हे भांडार मोठं आहे आणि त्याचा आपल्याला पुरेसा अभिमान नाही. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० सालच्या. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३० नंतरच्या दशकातली, रेव्हरंड टिळक गेल्यावर दीड दशकाने लिहिलेली. सुनीताबाई देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० सालचं. थोर माणसाच्या चरित्राला पूरक म्हणून ही पुस्तकं वाचायला घेतली गेली, आणि बहुतेक वेळा मूळ चरित्रापेक्षा तीच टिकली. माझं स्पष्ट मत: नवऱ्यांनी लिहिलं ते जगाला काय दिलं याबद्दल, बायकांनी लिहिलं ते त्याला घरात काय किंमत पडली याबद्दल. किंमत लक्षात ठेवणारीची स्मरणशक्ती जास्त तीक्ष्ण असते.

जित्याच्या बाजूला मात्र लिहिणाऱ्या बाया फारशा झाल्या नाहीत. तिथे गाणाऱ्या झाल्या. आगरी लग्नात धवलारीण असते. हळदीपासून पुढच्या एकेका विधीला तिचा धवला, पोथी नाही, सगळं पाठ, एका बाईकडून दुसरीकडे आलेलं. म्हणजे इथल्या कित्येक संसारांची सुरुवातच एका बाईच्या स्मरणातून झालेली आहे. पण धवलारीण लग्न लावून देते; पुढची पन्नास वर्षं आठवायला ती नसते. ते काम त्या दोघांचंच.

आणि दोघांतलं एक जातं तेव्हा?

वेग्नरने याचाही विचार केला होता. त्याच्या मांडणीप्रमाणे जोडीदार जातो तेव्हा मागे राहणाऱ्याच्या स्वतःच्या आठवणींचाही एक भाग जातो, कारण सूची शिल्लक राहते आणि ती ज्या माणसाकडे बोट दाखवते तो माणूसच नसतो. मागे राहिलेली म्हातारी ‘यांना विचारा’ म्हणायला तोंड उघडते आणि थांबते. घरचे म्हणतात, आजोबा गेल्यापासून आजीला विस्मरण झालंय. खरं विस्मरणही असू शकतं, डॉक्टरांना दाखवायला हवंच. पण त्यातला काही भाग तिचा नव्हताच. तो त्यांच्याकडे ठेवलेला होता.

शरीरालाही हे कळतं. कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली इंग्लंड-वेल्समधल्या ४,४८६ विधुरांचा अभ्यास छापला. सगळे पंचावन्नच्या पुढचे. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होतं. पुढे ते हळूहळू सर्वसाधारण पातळीवर आलं. दुर्गाबाई ९ मे १९८१ला गेल्या; चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ला, दीड वर्षाच्या आत. अर्थात ते शहाऐंशी वर्षांचे होते, आणि एका माणसावरून सिद्ध काहीच होत नाही.

उलट बाजूही आहे, आणि ती मला जास्त थोर वाटते. दोघांतल्या एकाची आठवण खरोखर विरत जाते, आणि दुसरं माणूस ती भरून काढत राहतं. नाव अडलं की पुरवतं, तेही पाहुण्यांना कळणार नाही असं. गोष्ट सुरू करून देतं आणि शेवट त्यालाच करू देतं. तत्त्वज्ञ अँडी क्लार्क आणि डेव्हिड चामर्स यांनी १९९८ साली ऑटो नावाच्या काल्पनिक माणसाचं उदाहरण दिलं. त्याला अल्झायमर आहे, तो सगळं वहीत लिहितो आणि वही कायम जवळ बाळगतो. त्यांचा प्रश्न असा की ती वही ऑटोच्या मनाचाच भाग का मानू नये? वहीबद्दल तत्त्वज्ञ अजून भांडताहेत. पण वहीत पाहायला हवं हे ऑटोला आधी सुचावं लागतं, पान स्वतः उलटावं लागतं. चाळीस वर्षं सोबत असलेली बायको पान आपणहून उलटते, आणि आज कोणतं उलटायचं नाही हेही तिला कळतं.

आपल्या आठवणी आयुष्यभरात सारख्या पसरलेल्या नसतात. म्हातारपणी माणसं सर्वांत जास्त आठवतात ती साधारण दहा ते तीस या वयातली वर्षं. लग्न, पहिलं मूल, वेगळी चूल, पहिलं पक्कं घर हे बहुतेकांचं त्याच वर्षांत झालेलं असतं. म्हणजे गावाकडच्या म्हाताऱ्या जोडप्यांकडे जे सर्वांत घट्ट शिल्लक आहे ते नेमकं तुमच्या जन्माच्या आगेमागचं आहे: गाडी येण्याआधीचं जिते, अरुंद महामार्ग, कुलाबा जिल्हा. हे तुम्हाला कुठल्याही दप्तरात मिळणार नाही.

तेव्हा येत्या गणपतीत गावी गेलात की हे करा. दोघांना एकत्र बसवा, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि तारीख विचारू नका. पाळणा कोणी आणला ते विचारा, पहिला पंखा कधी आला, लग्नात भात कमी पडला होता का ते विचारा. दोघं भांडायला लागली की मधे पडू नका, दुरुस्तीही करू नका. तुम्ही जन्मलाही नव्हता. दुसऱ्या दिवशी एकेकाला वेगळं गाठा, तोच प्रश्न पुन्हा विचारा. एकत्र सांगून सांगून घोटलेल्या गोष्टीत काही जागा बुजवलेल्या असतात, त्या एकांतात उघडतात, विशेषतः आजीच्या. जुळत नसलेल्या दोन्ही गोष्टी तशाच ठेवा, फाइलला नाव आणि तारीख द्या, आणि एक प्रत बहिणीकडे पाठवा.